गाडी खालून बघायची असते

जुनी गाडी घेताना माणूस फसतो, त्यात विशेष काही नाही. फसलो असं सांगायची लाजही कोणाला वाटत नाही. चहाच्या टपरीवर प्रत्येकाकडे असा एक किस्सा तयार असतोच. माझी गोष्ट वेगळी आहे. मला कोणी फसवलं नाही. विकणाऱ्यानं मला चक्क खाली वाकून बघा म्हणून सांगितलं होतं, आणि ज्याला बघता येत होतं त्या माणसाला मीच फाटकापाशी बसवून ठेवलं होतं. नुसते माझे पैसे बुडाले असते तर आतापर्यंत मी विसरलोही असतो. पण गेली ती त्या माणसाची पत, आणि ती मी घालवली.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. घर शहाद्याला, शाळा धडगावच्याही पुढे, सातपुड्यात. डांबर संपतं तिथून शाळा साडेपाच किलोमीटर. त्यात दोन नाले आणि एक चढ. चढ लाल मातीचा, उन्हाळ्यात घोटाभर धूळ आणि पावसात अशी निसरड की बैलसुद्धा आधी विचार करतो. अकरा वर्षं मी तो रस्ता पायी केला. सोमवारी वर जायचं, शनिवारी उतरायचं, मधले दिवस शाळेजवळच्या एका घरात मुक्काम.

ते घर त्याच माणसाचं. तो पावरा आदिवासी, वयानं माझ्याएवढाच, आणि वीस वर्षं धडगाव-शहादा रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवलेला. घरात पावरी बोलायचा, बाजारात आणि माझ्याशी अहिराणी. मी प्रकाशा गावाकडचा, तापीकाठचा. डोंगरात माझ्या आईची बोली ऐकायला मिळते याचंच मला पहिल्या वर्षी अप्रूप वाटलं होतं. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला गुरुजी. पावसात रस्ता बंद झाला की मी त्याच्या ओसरीवर चार-चार दिवस अडकून पडायचो, आणि त्याच्या घरात कोणाच्या कपाळावर आठी आलेली मी पाहिली नाही. एकदा नाल्यात पाय मुरगळला तेव्हा त्यानं मला पाठीवर घेऊन डांबरापर्यंत आणलं. मी तेव्हा ऐंशी किलोचा होतो. आजही आहे.

मग गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, चढ बंद. म्हणजे एक तर बदली मागायची, नाहीतर गाडी घ्यायची. बदली मागितली असती तर मिळाली असती. पण मला ती शाळा सोडवत नव्हती, आणि खरं सांगायचं तर गाडीची हौसही होतीच, ती गुडघ्याच्या आडून पुढे आली. बायकोनं लगेच ओळखलं. म्हणाली, "गुडघ्यासाठी गाडी घेताय की गाडीसाठी गुडघा धरून बसलाय?"

पतपेढीचं कर्ज धरून हातात होते तीन लाख. त्या चढाला साधी गाडी कामाची नाही, चारही चाकांना ताकद मिळणारी हवी, फोर बाय फोर. तीन लाखांत नवी फोर बाय फोर म्हणजे मोबाइलवर बघायची आणि झोपायचं. तेव्हा जुनीच घ्यायची ठरली. मी सहा महिने अभ्यास केला. मास्तरकी अंगात मुरलेली असल्यामुळे वही घातली, रकाने आखले. पेट्रोलवरची लहान जीप: चढायला बकरी, पण पेट्रोलला भारी. लष्कराच्या लिलावातली: दणकट, पण कागदांचा घोळ. मोठी, गुबगुबीत शहरी गाडी: किंमत पडलेली, पण एक सुटा भाग बिघडला की महिन्याचा पगार जाणार. शेवटी उरली डिझेलची साधी जीप, दहा-बारा वर्षांची, शक्यतो एकाच मालकानं वापरलेली. जुन्या गाडीवाल्याला विचारायचे सत्तावीस प्रश्न मी लिहून काढले होते. त्यातला एकही, खाली वाकून काय बघायचं, याबद्दल नव्हता.

वाकून बघणं हे त्याचं शास्त्र. आसपासच्या चार पाड्यांत कोणी जुनी जीप घ्यायला निघाला की त्याला सोबत न्यायचा. तो रंगाकडे बघायचा नाही, इंजिनाचा आवाजही आधी ऐकायचा नाही. खांद्यावरचा टॉवेल जमिनीवर अंथरायचा, उताणा पडायचा आणि गाडीखाली सरकायचा. दहा मिनिटं फक्त त्याचे पाय दिसायचे. बाहेर आला की घ्या किंवा नका घेऊ, एवढंच सांगायचा. त्याचे पैसे तो घेत नसे. मान एवढाच, की गाडी पहिल्यांदा चढाच्या पायथ्याशी आली की नारळ त्याच्या हातानं फुटायचा. ज्यानं गाडी पारखली त्याचा नारळ. त्या डोंगरात या नारळाला काय किंमत आहे हे मला अकरा वर्षांत पुरतं कळलेलं होतं. अनोळखी माणसालाही त्याची ओळख हीच करून द्यायचे, की हा गाडी बघणारा.

तेव्हा मी गाडी बघायला त्यालाच घेऊन जाणार हे उघड होतं. विसरवाडीला हायवेच्या कडेला जुन्या गाड्यांचं एक मैदान आहे, तिथे माझ्या वहीतल्यासारखी जीप आल्याचं कळलं होतं. तो आदल्या दिवशी डोंगरातून उतरून माझ्याकडे मुक्कामाला आला. सकाळी आम्ही दोघं एसटीनं निघालो. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. जुन्या गाडीच्या बाजारात पांढरा शर्ट घालून जाणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते आज कळतं. त्याच्या शर्टाचं वरचं बटण नव्हतं, पायात प्लास्टिकच्या चपला, खांद्यावर तोच टॉवेल. बसमध्ये मी ते बघितलं आणि मनात आलं, याला माझा एखादा शर्ट दिला असता तर बरं झालं असतं. हे दयेनं मनात आलं नव्हतं.

मैदानात पोचलो तर तिथे आधीच एक गिऱ्हाईक बसलेलं. रस्त्याच्या कामांचा कंत्राटदार, गॉगल डोक्यावर चढवलेला, स्वतःच्या चकचकीत गाडीतून आलेला. त्याचा ड्रायव्हर फाटकापाशी उकिडवा बसून विडी ओढत होता. मैदानाचा मालक शेठ तोंडभरून हसला.

"या गुरुजी, बठा. पहिले चा पिऊत, मंग गाडी देखूत."

तीन खुर्च्या होत्या. एकीवर कंत्राटदार, एकीवर मी बसलो, आणि माझ्यासोबतचा तो तिसरी ओढून घेत होता. तेवढ्यात शेठनं सहज विचारलं, "आन हाऊ भाऊ कोन?"

विचारण्यात काही वाकडं नव्हतं. माझ्यासमोर कंत्राटदार बसलेला, त्याचा ड्रायव्हर तिकडे फाटकावर. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गडी आहे आमचा. गाडी चालवत न्यायला आणलाय."

मी ते शुद्ध मराठीत बोललो, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर बोलतो तसं. हे मला जास्त टोचतं. बोली बदलायला वेळ मिळाला, म्हणजे विचार करायलाही मिळालाच असणार.

त्यानं खुर्चीवरचा हात काढला. तो फाटकाकडे चालत गेला आणि त्या ड्रायव्हरच्या शेजारी उकिडवा बसला. आम्हाला चहा कपबशीतून आला, त्या दोघांना कागदी पेल्यातून. मी कंत्राटदाराशी रस्त्यांच्या दर्जावर चर्चा केली.

मग गाडी बघितली. निळी जीप, पत्रा बरा, टायर निम्मे. मी वही काढून सत्तावीस प्रश्न विचारले. शेठनं न कंटाळता सगळ्यांची उत्तरं दिली. आत बसून मी फोर बाय फोरचा दुसरा गिअर, मुख्य गिअरशेजारचा तो लहान लिव्हर, ओढून बघितला. तो लोण्यासारखा पडला आणि समोर हिरवा दिवा लागला. मला धन्य वाटलं. सपाट मैदानात एक फेरी मारली. सपाट मैदानात बैलगाडीसुद्धा फोर बाय फोर वाटते हे तेव्हा कुठे कळत होतं!

शेठ म्हणाला, "खाले वाकीसन देखी ल्या गुरुजी. जुनी गाडी शे, जशी शे तशी इकस मी. मंग मन्हा नावनी बोंब नको."

मी फाटकाकडे बघितलं. तो बघतच होता, पण माझ्याकडे नाही, गाडीकडे. उकिडव्या बसलेल्या माणसाला गाडीचं पोट सरळ समोर दिसतं. त्याची मान किंचित तिरपी झालेली होती. तो अर्धवट उठला, हात खांद्यावरच्या टॉवेलकडे गेला. कंत्राटदारानंही मागे वळून पाहिलं. आणि मी तळहात वर करून त्याला थांबवलं. "थांब रे, बोलावतो मी," असं म्हणालो. अरे-तुरे आमच्यात कधीच नव्हतं. माझा गडी मला विचारल्याशिवाय माझ्या सौद्यात आडवा पडतोय, असं त्या कंत्राटदाराला दिसायला नको होतं. तो परत खाली बसला.

शेठला मी सांगितलं, "वाकून काय बघायचंय, कागद व्यवस्थित आहेत." मी पांढरा शर्ट मळू दिला नाही. अर्ध्या तासात सौदा झाला.

येताना गाडी त्यानंच चालवली. मला चालवता येत होती, पण हायवेची भीती वाटत होती, आणि गाडी चालवत न्यायलाच त्याला आणलंय असं मी मैदानात सांगितलंही होतं. मी गाडीचं कौतुक करत होतो आणि तो ऐकत होता. न राहवून मी विचारलं, कशी आहे?

"इंजिन बेस शे," तो म्हणाला. नंदुरबार मागे पडलं, तापीचा पूल आला, तरी दुसरं काही बोलला नाही. घर दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "चढवर लई जावाना पहिले एकदाव गॅरेजमा दखाडी ल्या, गुरुजी."

मला वाटलं, गाडी पारखायचा मान राहिला म्हणून रुसलाय. बघू, म्हणालो.

गॅरेज राहूनच गेलं. पहिल्या सोमवारी गाडी चढाच्या पायथ्याशी आली तेव्हा तो तिथे उभा होता, नारळ घेऊन. पाड्यातली पंधरा-वीस माणसंही होती. गुरुजींची गाडी त्यानं पारखून आणली, असंच सगळे धरून चालले होते. त्यानं नारळ फोडला. मग कोणाला काही न सांगता वाळूची चार पोती गाडीच्या मागच्या भागात टाकली. "वजन लागस," म्हणाला. रस्ता कोरडा होता, मागच्या चाकांवर वजन होतं, गाडी चढली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वरती उतरून शर्टाची घडी सारखी केली. महिनाभर माझ्यासारखा सुखी माणूस त्या तालुक्यात नव्हता.

जुलैच्या मधल्या आठवड्यात दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी उघडली आणि मी गाडी घेऊन चढाला भिडलो. बाजाराचा दिवस होता, येणारी-जाणारी माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहिली. चढाच्या निम्म्यात मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. हीच ती वेळ, असं म्हणून मी सगळ्यांच्या देखत ऐटीत दुसरा गिअर ओढला. हिरवा दिवा लागला. इंजिन ओरडलं, मागून चिखल उडाला, आणि पुढची चाकं निवांत उभी. एक म्हातारी फिसकन हसली. खालच्या पाड्यातला एक जीपवाला चिखलात वाकला, त्यानं गाडीखाली बघितलं आणि पावरीत ओरडून सांगितलं. मला ते नीट कळलं. पुढे दांडाच नाही, असं तो सांगत होता.

पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा एक लोखंडी दांडा असतो, मेकॅनिक त्याला पुढची शाफ्ट म्हणतात. त्याचा सांधा खिळखिळा झाला की खर्च नको म्हणून काही जण तो काढूनच टाकतात. गिअर पडतो, दिवा लागतो, चाकं मात्र मागचीच फिरतात. गाडीखाली डोकं घातलं तर आंधळ्यालाही कळेल एवढी मोठी रिकामी जागा असते ती.

तो खाली नाल्याजवळ होता, ओरडा ऐकून वर आला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, त्याच्याकडे बघितलं. गुरुजी काय, पुस्तकाचा माणूस. गाडी तर यानं पारखली होती. त्या जीपवाल्यानं त्याला हसत हसत विचारलं, वीस वर्षं काय चालवत होतास, घोडा? मोठा हशा झाला.

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. एक वाक्य पुरे होतं. याला दिसलं होतं, मी बोलू दिलं नाही, एवढंच. माझं तोंड उघडलं नाही. तो हसला आणि म्हणाला, राहून गेलं बघायचं, म्हातारा झालो. लोक अजून हसले.

दोर लावून गाडी मागे घेतली, माणसं बाजाराला निघून गेली, आम्ही दोघं उरलो. तो पोती सारखी करत होता. मी विचारलं, "भाऊ, तुम्हले तठेच दिसनं व्हतं ना?"

"व्हय."

"मंग सांगं का नही?"

"तठे मी गडी व्हतू ना, गुरुजी. गडी मालकना सौदामा बोलस का?"

रागावून म्हणाला असता तर मला भांडता तरी आलं असतं. तो पोत्याचं तोंड बांधता बांधता म्हणाला. मला वाटलं होतं, त्यानं ऐकलं नसेल, किंवा ऐकून सोडून दिलं असेल. माणूस आपल्या सोयीचं किती वाटून घेतो! मी माफ करा म्हणालो. तो म्हणाला, जाऊ द्या. पण लोकांसमोर जे झालं त्याचं काय, ते त्यानं विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

गाडी आता चढाखाली अडकून पडणार, माझा गुडघा वर जाणार नाही, शाळा बुडणार. मी म्हणालो, पैसे देतो, मजूर लावून चढ कापून घेऊ. त्यानं मान हलवली आणि लाहा करायचं ठरवलं. लाहा म्हणजे एका घराचं अवघड काम सगळ्या पाड्यानं मिळून उरकायचं. मजुरी नसते. ज्याचं काम त्यानं जेवण घालायचं आणि पुढे इतरांच्या लाह्याला राबायला जायचं. मी त्याच्याबरोबर घरोघर फिरलो. एका ओसरीवर म्हाताऱ्या माणसांनी हरकत काढली. लाहा घराचा असतो, नोकरदाराचा नसतो. हे काम कोणाच्या घरचं? तो म्हणाला, माझ्या घरचं. गुरुजी माझ्या घरचा माणूस आहे. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मान डोलावताना माझे कान इतके तापले की मी उगाच घाम पुसला.

लाह्याला साठ-सत्तर माणसं आली. बाया डोक्यावरून मुरूम टाकत होत्या, बाप्ये कुदळीनं चढाचा वरचा ओठ कापत होते. मीही घमेलं उचललं, पण गुडघ्यामुळे मला लवकरच झाडाखाली बसवलं. बाया काम करता करता गाणी जुळवतात, आणि लाह्याच्या गाण्यात कोणाची ना कोणाची खोडी काढायचीच असते. त्या दिवशी त्याची काढली. गाडीखाली झोपला, झोपच लागली, दांडा कोण बघणार, अशा अर्थाचं काहीतरी. एक बाई म्हणायची, बाकीच्या उचलून धरायच्या. त्याची बायकोही त्यांच्यात होती. ती सुरुवातीला हसली, मग घमेलं घेऊन लांबच्या टोकाला गेली. जेवायला बसल्यावर पुन्हा तीच थट्टा. भाकरी आणि डाळ वाढत तो पंगतीत फिरत होता आणि प्रत्येक जण त्याला काहीतरी बोलत होता. मी पंगतीत बसून जेवत होतो. चार वेळा वाटलं, आता बोलावं. पण समोर माझेच विद्यार्थी होते, त्यांचे आईबाप होते. ज्यांना मी रोज खरं बोला म्हणून शिकवतो त्यांच्यासमोर खरं बोलायची मला भीती वाटली.

चढ कापल्यामुळे गाडी दोन चाकांवरही जायला लागली. दिवाळीच्या सुट्टीत भंगारातून जुनी शाफ्ट मिळाली, ती त्यानंच गाडीखाली उताणं पडून बसवली. आता गाडी खरोखरीची फोर बाय फोर आहे. लोक तिला चांगली म्हणतात.

मला वाटलं होतं, हसण्यावारी गेलं. पण काठी गावच्या मोठ्या होळीहून माणसं परतली त्याच आठवड्यात शेजारच्या घरातल्या दोघा भावांनी जुनी जीप घेतली. बघायला त्या खालच्या पाड्यातल्या जीपवाल्याला नेलं. याला विचारलंसुद्धा नाही. गाडी चढाच्या पायथ्याशी आली तेव्हा मी शाळेतून उतरत होतो. तोही आला होता, गर्दीच्या मागच्या बाजूला उभा होता, खांद्यावर टॉवेल घेऊन. नारळ त्या दुसऱ्यानं फोडला. प्रसादाचा तुकडा याच्या हातावर ठेवताना कोणीतरी काहीतरी म्हणालं, आणि तो सवयीनं हसला. त्याला आता हसायची सवय झाली होती. ते बघून मी मान वळवली आणि गाडीत येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात मक्याची कणसं सोलत बसला होता. मी समोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. येत्या बाजाराच्या दिवशी चढावर सगळे जमतात तिथे उभा राहून सांगणार. तुम्हाला गाडीतला दोष फाटकावरूनच दिसला होता, चूक माझी होती, तुमची पारख कुठेही चुकली नव्हती. सांगतानाच मला हलकं वाटायला लागलं होतं.

त्यानं हातातलं कणीस पुरतं सोललं. मग म्हणाला, "दिसनं व्हतं ते बोलना कसाले नही, असं इचारतीन."

"मी बोलू दिन्हं नही, असं सांगसू."

"तुम्हीन कसाले बोलू दिन्हं नही, ते बी इचारतीन. मंग काय सांगशात?"

मी म्हणालो, "जे खरं शे ते."

त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. त्यानं तिच्याकडे बघितलं, आवाज खाली आणला.

"नका सांगू, गुरुजी. गाडीमा चुकना म्हनतीन, म्हनू द्या. दोन वरीस हसतीन, भुली जातीन. पन मी चार पाडामा सांगेल शे, गुरुजी मन्हा घरना मानूस शे. त्यावर लोके कुदळ लईसन उनात. तुम्हीन खरं सांगं ते मी खोटा पडसू."

मला वाटत होतं की मी त्याला काहीतरी परत द्यायला आलोय. खरं म्हणजे मी माझं ओझं उतरवायला आलो होतो, आणि तेही त्याच्याच पाठीवर. हे लिहितानाही मी त्याचं म्हणणं मोडतोच आहे. शाळेचं, पाड्याचं, कोणाचं नाव घातलेलं नाही, एवढीच काय ती सबब.

मी उठायला लागलो. पण त्याच्या बायकोनं तोवर भाकरी आणि आंबाडीची भाजी आणून ठेवली होती. पाहुण्याला ते लोक फार आग्रह करतात, दोनदा-तीनदा बस म्हणतात. मला कोणी बस म्हणालं नाही. घरच्या माणसाला म्हणत नाहीत. मी खाली मान घालून जेवलो.